पुण्यातून सातारा की सांगली? गाव कसं बघावं आणि चांगलं घर हातातून का निसटतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात भाड्याने राहणारं पाच माणसांचं कुटुंब. नवऱ्याला आठवड्यातून दोन दिवस हिंजवडीला जावं लागतं, बाकीचे दिवस घरून काम. बायको बँकेत, बदली मागता येते. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत. आई सत्तरीच्या, हृदयाची औषधं चालू. सातारा किंवा सांगली जिल्ह्यात कायमचं यायचं ठरलंय. दर रविवारी येऊन घरं बघतात, पण घरी जाऊन विचार करेपर्यंत ते घर दुसऱ्याने घेतलेलं असतं. गाव कोणतं निवडावं आणि बघायची पद्धत काय?

घर निसटतंय याचं कारण घाई कमी पडतेय हे नाही. घरात उभं राहून तुम्ही एकदम चार गोष्टी ठरवायला बघताय: गाव, भाग, बजेट आणि घर. त्यातल्या पहिल्या तीन आधीच ठरलेल्या असतील तर चौथीला अर्धा तास पुरतो. आणि रविवारी जे दाखवलं जातं ते बहुतेक वेळा आठवडाभर कुणी न घेतलेलं असतं. या दोन्ही शहरांत भाड्याचं चांगलं घर मोबाइलवरच्या जाहिरातीपर्यंत क्वचितच पोचतं. मालक आधी शेजारी, मग कोपऱ्यावरचा किराणावाला, इस्त्रीवाला, दूधवाला यांच्या कानावर घालतो, आणि गेटला "घर भाड्याने देणे आहे" अशी पाटी लागेपर्यंत दोन-तीन कुटुंबं बघून गेलेली असतात. एजंटला फोन करू नका असं नाही. पण एकदा भाग पक्का झाला की त्या भागातल्या इस्त्रीवाल्याकडे नंबर ठेवून येणं जास्त उपयोगी पडतं.

घरांची सगळ्यात जास्त ओढाताण मे ते जुलैमध्ये असते. सरकारी नोकरांच्या आणि बँकांच्या बदल्या, कॉलेजचे प्रवेश, मेडिकल आणि इंजिनिअरिंगची मुलं, सगळे एकाच वेळी येतात. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत बाजार शांत असतो, मालकही बोलायला मोकळा असतो. म्हणून कामं वाटून घ्या: भाग बघायचा तो भर पावसात, जुलै-ऑगस्टमध्ये. घर शोधायचं जानेवारीपासून, करार एप्रिलपासूनचा करायचा आणि सामान हलवायचं परीक्षा संपल्यावर. पुण्यातलं एखादं महिन्याचं भाडं दुहेरी पडेल. ते पडू द्या, जूनमध्ये मिळेल ते घर घेण्यापेक्षा स्वस्त आहे.

आता गाव. तुमच्या घरात तीन गोष्टी हलत नाहीत: ऑफिसचे दोन दिवस, मुलीची नववी आणि आईंचा दवाखाना. बाकी हवा छान, माणसं चांगली, भाजी ताजी वगैरे दोन्हीकडे आहे, त्यावर वेळ घालवू नका.

ऑफिसचे दोन दिवस लागून आहेत की सुटे, यावर निम्मा निकाल लागतो. सातारा ते पुणे साधारण ११० किलोमीटर. पण तुम्हाला पुण्याला नाही, हिंजवडीला जायचंय, म्हणून वेळ दोन तुकड्यांत धरा: साताऱ्याहून नवले पुलापर्यंत आणि नवले पुलापासून हिंजवडीपर्यंत. सकाळच्या गर्दीत दुसरा तुकडा पहिल्याइतकाच वेळ खाऊ शकतो. त्यात शुक्रवारी संध्याकाळी साताऱ्याकडे आणि रविवारी संध्याकाळी पुण्याकडे खंबाटकीला वाहनं साचतात. म्हणून मंगळवार-गुरुवार ऑफिस असेल तर रोजची ये-जा साताऱ्याहून जमते, फार तर दमछाक होते. सांगलीहून हे शक्य नाही. सांगली-पुणे अंतर दुपटीच्या आसपास जातं, शिवाय महामार्गाला लागायलाच पेठनाक्यापर्यंत चाळीसेक किलोमीटर आहेत. मात्र दोन दिवस लागून असतील आणि मधली रात्र पुण्यात काढायची सोय असेल, तर सांगली-मिरज पूर्ण चालतं. रेल्वेचा हिशेबही करून ठेवा. सातारा-पुणे रेल्वे वाठार, लोणंद, नीरा, जेजुरी अशी फिरून जाते, अंतर १४५ किलोमीटरच्या घरात, आणि सातारा स्टेशन गावात नाही, कोरेगाव रस्त्याला माहुलीकडे आहे. सातारकर पुण्याला एसटीच्या विनाथांबा गाडीने जातात ते उगाच नाही. मिरजेचं उलट आहे. तिथे जंक्शन गावातच आहे आणि पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर अशा चारही दिशांना गाड्या आहेत.

शाळेचं गणित लोक उशिरा करतात. मुलगी आठवीत आहे, तर बदल नववीच्या सुरुवातीलाच करा. नववी पुण्यात काढून दहावीला नवी शाळा हा पर्याय धरूच नका, कारण बोर्डाची नोंदणी, अंतर्गत गुण, भाषांची निवड सगळंच अडकतं. नव्या शाळेला पहिला प्रश्न "जागा आहे का" हा नको. आधी विचारा की नववीत दुसरी आणि तिसरी भाषा कोणती. पुण्यात संपूर्ण संस्कृत किंवा संयुक्त हिंदी-संस्कृत घेतलेलं असतं आणि इथल्या शाळेत तो गटच नसतो. बोर्ड बदलायचा असेल तर हा प्रश्न आणखी बोचरा होतो. सीबीएसईच्या शाळा दोन्ही शहरांत आहेत, पण त्यातल्या बऱ्याच गावाबाहेर, बसने जाण्यासारख्या. तेव्हा शाळा आधी आणि घर तिच्या बसमार्गावर, हा क्रम ठेवा. अकरावीचा प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन केंद्रीय पद्धतीने होतो, त्यामुळे दहावीनंतर पुण्यात परतायचं ठरलं तरी दार बंद होत नाही.

मुलाच्या बाबतीत एक गोष्ट आत्ताच डोक्यात असू द्या. साताऱ्याचं सैनिक स्कूल आणि दोन्ही जिल्ह्यांतली नवोदय विद्यालयं (साताऱ्याचं खावलीला, सांगलीचं पलूसला) सहावीला प्रवेश परीक्षा घेतात. नवोदयला मुलगा पाचवीत त्याच जिल्ह्यातल्या शाळेत शिकत असावा लागतो. म्हणजे चौथी-पाचवीच्या मध्ये जिल्हा बदलला तर चालतं, पाचवीच्या मध्यात बदलला तर घोळ. सैनिक स्कूलला नववीतही थोड्या जागांसाठी परीक्षा असते आणि आता मुलींनाही प्रवेश आहे. पण मुलीला याच वर्षी तिथे बसवायचं म्हणून बेत आखू नका, तयारीला वेळ उरलेला नाही.

आईंच्या दृष्टीने मिरज सगळ्यांत वरचढ आहे. १८९४ मध्ये सुरू झालेल्या वॉनलेस हॉस्पिटलपासूनची परंपरा, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्यांच्याभोवती वाढलेले खाजगी दवाखाने, अशी डॉक्टरांची पेठच तिथे आहे. कर्नाटकातूनही रुग्ण येतात. कराडला कृष्णा हॉस्पिटल आहे, ते महामार्गालगत मलकापूरला. साताऱ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अलीकडे, २०२१-२२ मध्ये सुरू झालं आणि खाजगी हृदयरोगतज्ज्ञही आहेत. पण पाट्या मोजून काही कळत नाही. कामाचा प्रश्न एकच: रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर अँजिओप्लास्टी करणारा डॉक्टर आणि कॅथलॅबचे (ती जिथे करतात त्या विभागाचे) कर्मचारी किती वेळात हजर होतात? हा प्रश्न दवाखान्याच्या आपत्कालीन विभागात जाऊन विचारा, दिवसा स्वागतकक्षात नव्हे. मग त्या दाराशी उभं राहून बघायच्या घरापर्यंतचा रस्ता संध्याकाळी सातला गाडीने मोजा. वीस मिनिटांच्या आत असेल तर घर यादीत ठेवा.

एवढ्यावरून माझा कल सांगतो. ऑफिसचे दिवस सुटे असतील तर सातारा. लागून असतील आणि आईंची तब्येत नाजूक असेल तर सांगलीतलं विश्रामबाग ते मिरज हा पट्टा. कराड-मलकापूर हा मधला पर्याय लोक विसरतात आणि तुमच्यासारख्या कुटुंबाला तो बऱ्याचदा जास्त सोयीचा बसतो: महामार्ग दारात, हॉस्पिटल जवळ, विद्यानगरला कॉलेजांचा पट्टा, आणि मलकापूरला मीटर लावलेल्या नळांना चोवीस तास पाणी देणारी योजना, जी बघायला बाहेरगावचे लोक येतात. वाई सुंदर आहे, पुण्याला जवळ आहे, पण वाईच्या घाटांवर शनिवारी फिरायला येणं आणि तिथे नववीतल्या मुलीला क्लास शोधणं यात फरक आहे. शिरवळ-खंडाळ्याला कारखान्यांमुळे भाडी चढी आणि घरं मिळेनाशी. फलटण, विटा, ईश्वरपूर (म्हणजे जुनं इस्लामपूर) इथे नोकरी असेल तर जरूर जा, नुसतं राहायला म्हणून नको. कुपवाडला घर तुलनेने स्वस्त पडतं, पण एमआयडीसीच्या वाऱ्याची दिशा कोणती, हे आधी बघून घ्या.

गाव निवडताना माणसं सहसा फार चुकत नाहीत. चुकतो तो भाग, आणि सांगलीत तर ती चूक थेट घरात पाणी घेऊन येते.

सांगलीचा पूर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पातळीवर फुटांत मोजला जातो. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या वर, आणि २०२१ च्या जुलैत ५४ च्या पुढे. हे आकडे सांगलीकराला पाढ्यांसारखे पाठ असतात, आणि त्यामुळेच तुमचं काम सोपं होतं. एजंटला "इथे पूर येतो का?" असं विचारलंत तर उत्तर "नाही" असंच येणार. शेजारच्या घरातल्या वयस्कर बाईंना विचारा, "काकू, आयर्विनला किती फूट झालं की आपल्या गल्लीत पाणी येतं?" त्या आकडा सांगतील, कोणत्या बाजूने शिरतं ते सांगतील, आणि एकोणीसला जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत होतं तेही सांगतील. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता या बाजूला इशारा पातळीच्या आसपासच सामान वर चढवायला सुरुवात होते. गावभाग, मारुती चौक, हरभट रस्त्याची पाळी त्यानंतर. विश्रामबाग, वानलेसवाडी हा भाग उंचावर आहे, म्हणून तिथली भाडी चढी आहेत. तो फरक देणं परवडतं. पूर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे येतो की कोयनेच्या विसर्गामुळे, यावर चौकात तासभर वाद ऐकायला मिळेल. भाडेकरूने त्यात पडू नये, पायरी मोजावी.

गल्लीत कुणी बोलायला नसेल तर भिंत बोलते. रंग नवा असला तरी पुराची खूण राहते. कंपाउंडच्या भिंतीवर एका आडव्या रेषेखाली प्लास्टर फुगलेलं, पोपडे धरलेलं, आणि रेषेच्या वर धड असतं. गल्लीतल्या तीन-चार घरांत ही रेषा एकाच उंचीला दिसली की शंका नको. विजेचा मीटर बघा. इतर भागांत तो छातीच्या उंचीला असतो, पण पूर बघितलेल्या घरात तो डोक्याच्या वर किंवा पहिल्या मजल्याच्या जिन्यात हलवलेला सापडतो. आतल्या दारांच्या लाकडी चौकटी खालून काळ्या पडलेल्या किंवा कापून ग्रॅनाइटच्या केलेल्या असतात. स्वयंपाकघरातला ओटा नवा, कपाटं अॅल्युमिनियमची, आणि बाकी घर मात्र तीस वर्षांचं, हेही त्याच वर्गातलं. आणखी एक म्हणजे, पाणी नदीवरून चालत येण्याआधी नाल्यातून आणि गटारांतून उलटं वर येतं. म्हणून नदीपासूनचं अंतर नकाशावर मोजून समाधान मानू नका. शामरावनगरसारख्या सखल काळ्या मातीच्या भागात नदी शांत असतानाही नुसत्या पावसाने पाणी साचतं.

विकत घ्यायचं असेल तर निळी रेषा आणि लाल रेषा हे दोन शब्द लक्षात ठेवा. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम निषिद्ध, दोन्हींच्या मध्ये अटींवर. जागेचा गट नंबर देऊन पाटबंधारे कार्यालयातून आणि महापालिकेच्या नगररचना विभागातून ही माहिती लेखी घ्या. तोंडी "तुमचं बाहेर येतंय" याला किंमत नाही. कराडला कृष्णा-कोयनेचा संगम आहे, मिरजेला कृष्णाघाट आहे, तिथेही नदीकाठच्या जागेला हाच नियम.

साताऱ्यात पुराची भीती नाही, तिथे प्रश्न पिण्याच्या पाण्याचा आणि उताराचा. पाण्याबद्दल साताऱ्यात विचारायचा पहिला प्रश्न, "पालिकेचं की प्राधिकरणाचं?" जुन्या शहराचा मोठा भाग पालिकेच्या कास आणि शहापूर योजनांवर आहे. गोडोली, सदर बझार आणि उपनगरांतला बराच भाग जीवन प्राधिकरणावर, म्हणजे राज्य सरकारच्या पाणीपुरवठा संस्थेवर. दोन्हींच्या वेळा, दाब आणि बंद पडण्याची कारणं वेगळी. २०२० मध्ये हद्दवाढ होऊन शाहूपुरी, विलासपूर असे भाग पालिकेत आले, पण नळाची व्यवस्था काही एका रात्रीत बदलत नाही. म्हणून गल्लीनिहाय चौकशी करावीच लागते.

चौकशी म्हणजे काय, तर बादली लावायची. माणशी दिवसाला १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा नेहमीचा निकष. पाच माणसांना ६७५ लिटर. पाणी एक दिवसाआड येत असेल तर एका वेळेला १,३५० लिटर साठवता आलं पाहिजे, आणि एखादी पाळी चुकणार हे धरून जमिनीखाली २,००० ची टाकी हवी, वर १,००० ची. आता नळ. पाणी यायच्या वेळी त्या घरात हजर राहा, जमिनीलगतच्या नळाला २० लिटरची बादली लावा आणि घड्याळ बघा. मिनिटात भरली तर तासाला १,२०० लिटर. पाणी पाऊण तासच येत असेल तर ९०० लिटरच पदरात पडणार, म्हणजे दोन दिवसांची गरज भागत नाही आणि टाकी कितीही मोठी असली तरी उपयोग नाही. अपार्टमेंट असेल तर टाकीला फ्लॅटच्या संख्येने भागा, आणि मे महिन्यात टँकर किती आले ते सोसायटीच्या जमाखर्चात बघा. तिथे खरं लिहिलेलं असतं, कारण ते पैसे सगळ्यांनी भरलेले असतात. बोअरचं पाणी असेल तर टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार किती मिलिग्रॅम, ते तपासा: ५०० च्या आत उत्तम, २,००० च्या वर पिण्याला नाहीच. सांगली-मिरज-पलूस भागात उसाला पाणी देऊन देऊन जमिनी खारवल्यात, तिथे बोअर जड निघते आणि गिझरची कॉइल वरचेवर बदलावी लागते.

साताऱ्याच्या उताराबद्दल थोडक्यात. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला किंवा यवतेश्वरच्या बाजूला घर बघत असाल तर घराची मागची भिंत बघा, पुढची नव्हे. डोंगराकडची संरक्षक भिंत पोटात फुगलीय का, तिला पाणी जायला भोकं ठेवलीत का आणि ती भोकं पावसात वाहतात का. कोरडी भोकं आणि ओली भिंत म्हणजे पाणी मागे अडकलंय. काळ्या मातीवरचं घर असेल, सांगली-मिरजेला बहुतेक आहेच, तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या निघालेल्या भेगा आणि जोत्यापासून सुटलेली फरशी बघा. उभ्या बारीक भेगा प्लास्टरच्या असतात, त्यांचं काही नाही. तिरपी भेग, जिच्यात नाणं जातं, तिथे पाया मुरमापर्यंत गेलेला नाही असं समजा.

एक दिवस असा काढा की दिवसभर त्याच भागात राहायचं, घर बघायचंच नाही. कामाचा वार घ्या. पहाटे सहाला पाणी, नऊला शाळेच्या बसेस, दुपारी वीज (महावितरणच्या देखभालीचा वार कोणता ते विचारून घ्या, घरून काम करणाऱ्याला ते लागतं), संध्याकाळी मंडई, रात्री अकराला आवाज. जवळ मंगल कार्यालय असेल तर लग्नसराईत बघा. आणि हिवाळ्यातली एक फेरी चुकवू नका. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन मार्चपर्यंत जातो. त्या काळात वाऱ्याच्या दिशेला असलेल्या गच्च्यांवर बगॅसची काळी राख पडते, मळीचा वास येतो, आणि रात्री रस्त्यावर मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या असतात. मुलगी रात्री आठला क्लासहून सायकलने येणार तो रस्ता यातला आहे का? नदीकाठी वीटभट्ट्याही याच महिन्यांत पेटतात. दम्याचा त्रास कुणाला असेल तर ही एकच गोष्ट भाग बाद करायला पुरेशी आहे. घरून काम करणार असाल तर त्या गल्लीत फायबर कुणाचं आहे ते शेजाऱ्याला विचारा आणि त्याच्या घरात बसूनच वेग तपासा. कंपनीच्या हेल्पलाइनला सगळ्या गल्ल्यांत सेवा उपलब्ध असते.

हे झालं की पहिलं वर्ष भाड्याने राहा. विकत घेण्याचा विषय अकरा महिने बाजूला ठेवा, कितीही "परत असा प्लॉट मिळणार नाही" असं ऐकलंत तरी.

भाड्याच्या घराची तयारी म्हणजे एक फाइल. दोघांची आधार आणि पॅनची प्रत, पगाराच्या पावत्या किंवा कंपनीचं पत्र, सध्याच्या घरमालकाचा फोन नंबर, आणि डिपॉझिटएवढी रक्कम बचत खात्यात मोकळी. इथला मालक सहसा भाड्याच्या पाचशे रुपयांवर अडत नाही, माणूस कोण यावर अडतो. आईंना सोबत घेऊन जा. शाकाहारी की मांसाहारी, जात कोणती, हे प्रश्न आडून किंवा सरळ येतील. ते अपमानास्पद आहेत, पण कोणत्या मालकाबरोबर अकरा महिने काढायचे नाहीत हे तिथेच कळतं. डिपॉझिट म्हणून दोन-तीन महिन्यांचं भाडं ठीक. सहा महिन्यांचं मागितलं तर कारण विचारा. करार नोटरीवर भागवू नका. महाराष्ट्रात भाडेकरार नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, ती मालकाची जबाबदारी आहे आणि ऑनलाइन तासाभरात होतो. शाळेला, बँकेला, गॅसला पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करारच चालतो. त्यात चार गोष्टी लिहून घ्या: पाण्याचा टँकर कुणाच्या खर्चाने, पंप बिघडला तर कुणी दुरुस्त करायचा, घर सोडताना रंगाचे पैसे कापायचे की नाही, आणि मुलीची दहावी होईपर्यंत मुदत वाढवून देण्याची तयारी. शेवटचं मालक लिहून देतोच असं नाही, पण विचारल्यावर त्याचा चेहरा बघा. घर विकायला काढलेलं असेल तर तिथे कळतं.

वर्षानंतर घ्यायला निघालात की भावाचा अंदाज एजंटकडून घेऊ नका. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्या गटातले किंवा सिटी सर्व्हेतले मागच्या दोन-तीन वर्षांचे सूची दोनचे (नोंदलेल्या खरेदीखताच्या गोषवाऱ्याचे) उतारे मोफत बघता येतात. कोणता फ्लॅट किती रकमेला नोंदला गेला हे त्यात दिसतं. नोंदलेली रक्कम प्रत्यक्षापेक्षा कमी असू शकते, तरी गल्लीतला चढ-उतार समजतो. एजंट "हजार स्क्वेअर फूट" म्हणेल तेव्हा कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ, किती हे विचारा. प्लॉटला गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट आणि आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १,०७६ चौरस फूट. सातबाऱ्यावर आर असतात आणि बोलण्यात गुंठे, पाच-सहा गुंठ्यांत तो फरक जाणवण्याइतका होतो.

कागदांत या दोन जिल्ह्यांची एक खास अडचण आहे, ती बाहेरच्यांना माहीत नसते. कोयना, धोम, उरमोडी, चांदोली या धरणांनी उठवलेल्या बऱ्याच गावांचं पुनर्वसन इथेच झालंय. त्या जमिनी सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोन म्हणून असतात आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. जुन्या इनाम-वतनाच्या जमिनींचंही तसंच. प्लॉट पाडून, रस्ते आखून, विजेचे खांब उभे करून विक्री चालू असते आणि सातबाऱ्याच्या "इतर हक्क" या रकान्यात शर्त तशीच बसलेली असते. म्हणून चालू सातबारा बघून थांबू नका. तीस वर्षांचे फेरफार ओळीने वाचायला वकील लावा. सामाईक सातबाऱ्यात दोन गुंठ्यांचा हिस्सा घेणं, किंवा गुंठेवारीतलं (शेतजमिनीचे विनापरवाना गुंठ्यागुंठ्याचे तुकडे पाडून विकलेल्या जागेवरचं) घर ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घेणं, हेही टाळा. नमुना आठ हा घरपट्टी आकारणीचा कागद आहे, मालकी किंवा बांधकाम परवान्याचा नाही, आणि बँक त्यावर कर्ज द्यायला नाखूश असते. तुकडेबंदीत (जमिनीचे छोटे तुकडे विकायला बंदी घालणाऱ्या कायद्यात) सवलत आली, गुंठेवारी नियमित होणार, हे ऐकाल. तुमच्या गटाला ते लागू झाल्याचा आदेश हातात द्या म्हणावं. शेतजमीन तर शेतकरी दाखला नसेल तर घेताच येत नाही.

फ्लॅटला मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र दोन्ही हवेत, आणि प्रकल्पाला महारेरा लागू असेल तर त्याचा क्रमांकही. "भोगवटा येईल महिन्याभरात" असं म्हणणाऱ्याला "मग महिन्याभराने येतो" एवढंच उत्तर. बाईंच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. नोंदणी शुल्क एक टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर एक टक्का टीडीएस (हा आयकराचा, विकणाऱ्याच्या रकमेतून) तुम्हीच कापून भरायचा असतो, हे विसरून नोटीस आलेली माणसं पुष्कळ आहेत.

आता घाईचा मुद्दा. चांगल्या घरावर तीन गिऱ्हाइकं असतात आणि टोकन द्या नाहीतर जातंय असं सांगतात. द्या, पण विसारपावती स्वतःच्या शब्दांत लिहून घ्या: रक्कम छोटी, चेकने किंवा खात्यावर, मिळकतीचा गट किंवा सिटी सर्व्हे नंबर, चतुःसीमा, ठरलेली किंमत, आणि "वकिलाच्या शोध अहवालात मालकी हक्कात दोष आढळल्यास किंवा बँकेने मिळकतीच्या कागदांवरून कर्ज नाकारल्यास विसार रक्कम सात दिवसांत विनाकपात परत" ही ओळ. सही सगळ्या सहहिस्सेदारांची हवी. नुसत्या थोरल्या भावाची नको, बहिणींची नावं सातबाऱ्यावर असतात आणि त्या मुंबईला असतात. कुलमुखत्यारपत्रावर सही करणारा असेल तर ते नोंदणीकृत आहे का आणि देणारी व्यक्ती हयात आहे का, हे दोन्ही बघा. विसार परतीची ओळ लिहायला जो तयार होत नाही त्याचं घर दुसऱ्याला जाऊ द्या.

निघताना पुण्याच्या शाळेतून दाखला काढण्याआधी इकडच्या शाळेचं प्रवेश दिल्याचं पत्र घ्या, आणि मुलांची यू-डायसवरची (शाळांच्या सरकारी ऑनलाइन यादीतली) नोंद जुन्या शाळेने सोडून नव्या शाळेने ओढून घेतली का, हे पंधरा दिवसांत तपासा. नोंद जुन्या शाळेत अडकली की शिष्यवृत्तीचा आणि पुढे परीक्षेचा अर्ज भरताना मुलीचं नाव दिसत नाही. आईंच्या तपासण्यांची फाइल, जुना ईसीजी आणि इकोचा अहवाल मात्र सामानाच्या ट्रकमध्ये टाकू नका. तो आपल्या गाडीत, हाताशी ठेवा, आणि पहिल्याच आठवड्यात इथल्या डॉक्टरला दाखवून नोंद करून घ्या.